सबनीसांची पूर्ण फेरी

सायकलवाल्यांच्या एका अ‍ॅपवर आजही एक रस्ता दिसतो. त्याचं नाव 'हट्टा फुल लूप'. दुबईच्या डोंगराळ भागातल्या हट्टाच्या धरणाच्या भिंतीपासून निघायचं, खडीच्या रस्त्याने डोंगराच्या कडेकडेने तळ्याला पूर्ण वळसा घालायचा आणि परत भिंतीपाशी यायचं, अशी एक तांबडी रेघ. खाली अंगठे आहेत, टाळ्या आहेत, 'सुपर्ब सर' आहे. ही रेघ ज्यांनी आखली ते अरविंद सबनीस आता निवृत्त होऊन पुण्याला गेले. रेघ इथेच राहिली. हिवाळा सुरू झाला की कुणीतरी नवीन माणूस मला हटकून विचारतो, "सर, तुम्ही केलाय ना हा लूप? सबनीस सरांबरोबर तुमचं नाव दिसतंय."

नाव दिसतं, ते खरं आहे. लूप नाही. तळ्याभोवती पूर्ण फिरणारा रस्ताच नाही. एवढं सांगून फोन ठेवता आला असता, पण ते सांगताना सबनीस डोळ्यांपुढे उभे राहतात आणि माझ्या तोंडाला एक चव येते. गोड, चिकट, दुसऱ्याच्या तोंडातून आलेली.

ती खजुराची चव आहे. सबनीस सायकल चालवताना सतत खजूर खायचे. हँडलला बांधलेल्या छोट्या पिशवीतून एक काढायचा, तोंडात टाकायचा, गर संपला तरी बी या गालातून त्या गालात घोळवत ठेवायची. डोंगरात कचरा टाकायचा नाही हा त्यांचा कडक नियम होता. आमच्या सायकलवाल्यांच्या गटातल्या एकाने केळ्याचं साल फेकलं तर त्यांनी त्याला चढ उतरून परत खाली पाठवलं होतं. मग बियांचं काय? सबनीस जोर लावून पुढच्या सायकलवाल्याच्या जवळ यायचे, त्याच्या पाठीवर थाप मारायचे, "शाब्बास सावंत, मारा पेडल," म्हणायचे आणि त्याच थापेत तोंडातली बी त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात सोडून द्यायचे.

सावंत म्हणजे मी. मला कितीतरी आठवडे वाटत होतं की हा माणूस मला प्रोत्साहन देतो. घरी कपडे मशीनला लावताना बायको खिशात हात घालायची, तो हात तसाच बाहेर काढून वर धरायची आणि माझ्याकडे बघत राहायची.

एकदा मी हिंमत करून विचारलं, "सबनीस, बी माझ्याच खिशात का?"

"मग कुठे टाकू? माझे खिसे भरलेले असतात."

त्यांच्या खिशात फोन सोडून काहीही नसायचं.

शारजात अल मजाजला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. त्यांच्या खिडकीतून खालिद लगूनचं पाणी दिसायचं, माझ्या खिडकीतून मागचं पार्किंग. उंच, सुकलेला, उन्हाने रापलेला माणूस. पिंढऱ्या मात्र पंचविशीतल्या पोराच्या. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. "आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं," ते म्हणायचे, "आता गोल फिरवायचंय." चालत्या सायकलवर एक नाकपुडी अंगठ्याने दाबून दुसरी मोकळी करायची त्यांना सवय होती, आणि ते पुढे असले की वारा आमच्याकडेच यायचा. गटातले जुने लोक त्यांच्या डाव्या बाजूने चालवायचे. नव्यांना कुणी सांगत नसे. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.

असल्या माणसाच्या मागे मी इतके हिवाळे का गेलो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझे वडील गावी वारले तेव्हा मी इथेच होतो. आजारी आहेत हे कळलं होतं. मी मनात धरलं की हे महत्त्वाचं काम संपवून जाऊ, आणि ते काम संपायच्या आत ते गेले. परत आल्यावर सुटीच्या दिवशी मी सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. बायकोने कुणाकुणाला सांगून पाहिलं. त्यातले सबनीस एकटे आले. शनिवारी उजाडायच्या आधी बेल वाजली. दारात सबनीस, बरोबर त्यांची जुनी सायकल.

"यल्ला सावंत, उठा. रडायचं असेल तर चढावर रडा. तिथे सगळेच रडतात."

त्या दिवशी मी खरोखर रडलो, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. परतीच्या वाटेवर माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी रस्त्याच्या कडेला आडवा झालो. सबनीस खडीत गुडघे टेकून बसले. घामाने निथळणाऱ्या हातांनी माझी पोटरी चोळत राहिले. माझं पाणी संपलं होतं. त्यांनी स्वतःची बाटली माझ्या तोंडाला लावली. पाणी कोमट होतं आणि त्यात खजुराचे तंतू तरंगत होते. मी ते सगळं प्यायलो. त्यांच्याविषयी पुढे जे काही लिहिणार आहे ते त्या पाण्यासकट वाचावं.

खडीवर सायकल चालवायला त्यांनीच शिकवलं. डांबरी रस्त्यावरचे लोक त्यांना तुच्छ वाटायचे. "ते पळतात, आपण जातो," असं म्हणायचे. टायरमधली हवा कमी करायची, हँडल घट्ट धरायचं नाही, उतारावर मागचं चाक सरकलं तर सरकू द्यायचं. "खडीशी भांडू नका. ती थोडी हलते, तुम्ही थोडे हला." मी अजूनही कधी घाबरलो की मनात हे वाक्य म्हणतो, आणि ते कुणाचं आहे हे आठवलं की ओशाळतो.

आता आल्प्सबद्दल. सबनीसांचा मेव्हणा म्युनिकजवळ राहायचा. एका उन्हाळ्यात ते त्याच्याकडे गेले, तिथून ऑस्ट्रियातल्या तळ्यांच्या प्रदेशात गेले, खडीवर चालणारी सायकल भाड्याने घेतली आणि तीन दिवस फिरले. ते तीन दिवस आम्ही किती वेळा ऐकले याला गणती नाही. पांढरी बारीक खडी, वर देवदारांची सावली. प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी, तिच्यावर पुढच्या गावाचं नाव. गळ्यात घंटा बांधलेल्या गाई रस्त्यावर आडव्या, त्या उठेपर्यंत थांबायचं. मध्येच एक लाकडी झोपडं, तिथे सफरचंदाचा केक. एक तळं संपलं की छोटी खिंड चढायची, खाली दुसरं तळं. आणि शेवटी ते वाक्य, जे सांगताना ते सायकल थांबवून एक पाय जमिनीवर टेकायचे.

"सावंत, ज्या बाकावरून निघालो, तळ्याला पूर्ण फेरी मारून त्याच बाकावर येऊन बसलो. मागे फिरावं लागलं नाही. आलेला रस्ता परत बघावा लागला नाही. माणसाच्या आयुष्यात असं किती वेळा होतं?"

हे म्हणताना त्यांचा चेहरा खरोखर चांगला दिसायचा. तोंडात बी असली तरी.

तेव्हापासून हट्टाच्या तळ्याला पूर्ण फेरी हवी, हे त्यांच्या डोक्यात बसलं. "हेच आल्प्स आहे. फक्त झाडं काढून घेतलीत." त्यांनी आसपासच्या साऱ्या वाटा शोधल्या, जोडल्या, त्यांना नावं दिली. त्या वाटा खऱ्या होत्या आणि सुंदर होत्या, हे मी नाकारत नाही. पण भिंतीच्या उजवीकडून जाणारी वाट एका घळीपाशी संपायची आणि डावीकडून जाणारी एका टेकाडापाशी. मधला तुकडा कोरा. उभे डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. प्रत्येक शनिवारी आम्ही घळीपर्यंत जायचो आणि मागे फिरायचो, आणि मागे फिरताना सबनीस घळीकडे पुन्हा पुन्हा वळून बघायचे.

एक दिवस त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर लॅपटॉप, त्यावर तळ्याचा उपग्रहातून घेतलेला फोटो. त्या कोऱ्या तुकड्यात, पाणी आणि डोंगर यांच्या मधोमध, एक फिकट पांढरी रेघ होती. घळीपासून टेकाडापर्यंत अखंड.

"बघा," सबनीस हळू आवाजात म्हणाले. "खडीचा रस्ता. जुना असणार. धरण बांधतानाचा."

नीलावहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं. "ही तर पाणी उतरल्यावर राहिलेली रेघ आहे. आपल्या टबला पडते तशी."

"तुला यातलं काय कळतं?"

"कधी टब घासला असतात तर तुम्हालाही कळलं असतं."

मी हसलो. सबनीस हसले नाहीत. पण मी फक्त हसलो, वहिनी बरोबर सांगतायत असं म्हणालो नाही. ते मला त्याच क्षणी पटलं होतं. रस्ता वळतो, चढतो, उतरतो. ही रेघ पाण्याच्या काठाला घट्ट चिकटून, एकाच उंचीवरून चालली होती. जो ती बघेल त्याला समजावं इतकं ते उघड होतं. पुढे ती गटातल्या सगळ्यांनी पाहिली, त्यात इंजिनियर होते, नकाशांवर पोट भरणारे होते, आणि कुणी बोललं नाही. सरांना दुखवायचं कशाला.

त्यानंतर मराठी मंडळींच्या वार्षिक कार्यक्रमात, दुबईत ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये, सबनीसांनी पडद्यावर फोटो दाखवून भाषण केलं. आधी ऑस्ट्रिया. हिरवं तळं, चर्चचा टोकदार कळस, बाकावर बसलेले सबनीस. मग हट्टा. मग ती रेघ, लाल रंगाने ठळक केलेली. "येत्या महिन्यात आपण यूएईतला पहिला पूर्ण तळेफेरीचा खडीमार्ग खुला करतोय. इन्शाल्ला." टाळ्या वाजल्या. आता ते न करण्याची सोय उरली नव्हती. चारशे माणसांदेखत सांगून बसले होते.

इथे मुनाफ परकारांची ओळख करून द्यायला हवी, कारण त्या रेघेची किंमत त्यांनी दिली. परकार मूळचे रत्नागिरीकडचे. शारजात बोटींच्या सामानाचं दुकान. गोल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा, सायकलीवर नेहमी सर्वांत मागे राहणारा माणूस. खिशातल्या बिया दुकानाच्या टेबलावर मांडून ते म्हणायचे, "सर, ह्या सगळ्या लावल्या असत्या तर अल मजाजला वाडी झाली असती." सबनीसांना ते मनापासून आवडायचे असं मी समजत होतो. पण आवडण्याचेही प्रकार असतात.

फेरी झाली की धरणाजवळ चटई पसरून डबे उघडले जायचे. परकार घरून सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा रस्सा आणि घावन आणायचे. डबा उघडला की सबनीस नाकाला रुमाल लावायचे. "परकार, शनिवार आहे हो. आमचा मारुती पळून जाईल." सगळे हसायचे, परकारही. आणि सगळे बोलण्यात गुंतले की सबनीस तो डबा ओढून घ्यायचे. बोटांनी सोडे बाजूला सारायचे, एकेक, मन लावून, आणि घावन बुडवून बुडवून रस्सा संपवायचे. "रस्सा चालतो," म्हणायचे. शेवटी डब्यात बोटं लागलेले कोरडे सोडे उरायचे. परकार झाकण लावून डबा पिशवीत ठेवून द्यायचे. मी शेजारी बसून माझे पोहे खायचो.

फेरीच्या दिवशी आम्ही बरेच जण निघालो. घळीपाशी वाट संपली तेव्हा रेघ समोर दिसली. पांढऱ्या दगडांचा तिरका उतार, वर सुकलेल्या गाळाची साय, खाली हिरवं पाणी. ज्यांना घरी लहान मुलं होती ते म्हणाले, आम्ही इथून फोटो काढतो. पुढे तिघे गेलो. सबनीस, त्यांच्या मागे मी, शेवटी परकार. सायकल चालवायचा प्रश्नच नव्हता. ती खांद्यावर घेऊन एका हाताने दगड धरत चाललो होतो.

"सर," परकार मागून म्हणाले, "हा रस्ता नाय."

"नवीन रस्ता असाच असतो, परकार."

थोड्या वेळाने मागे दगड घरंगळल्याचा आवाज आला. परकार बसले होते, एक पाय दोन दगडांच्या फटीत घोट्यापाशी भलतीकडे वळलेला. त्यांची सायकल पाण्यात गेली होती. फक्त हँडलचं एक टोक वर होतं, मग तेही गेलं.

सबनीसांनी आधी मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं. नोंद थांबवली. मग परकारांकडे पाहिलं.

"तुम्ही इथेच बसा. आम्ही फेरी पूर्ण करून त्या बाजूने मदत घेऊन येतो. पुढूनच जवळ पडेल."

ते खोटं होतं. मागे, हाकेच्या अंतरावर, फोटो काढत बसलेली माणसं होती. सबनीसांनी बटण पुन्हा दाबलं आणि निघाले. मीही सायकल खांद्यावर घेतली, हे इथे लिहायलाच हवं. त्यांच्या मागे जायची मला इतकी सवय झाली होती. परकार म्हणाले, "सावंतभाई, पाणी आहे काय?" तेव्हा मी सायकल खाली ठेवली आणि बोंबलून मागच्या लोकांना हाक मारली.

त्यांनी फोन केला. कयाक होड्या भाड्याने देतात तिथून इंजिनाची होडी आली. चालवणारा नेपाळी होता, भीमबहादूर नावाचा. आम्ही परकारांना उचलून होडीत आडवं केलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. थोडं पुढे गेलो तर सबनीस दिसले. तिथे कडा सरळ पाण्यात उतरला होता आणि पांढरी रेघ त्या कड्यावर नुसत्या रंगासारखी पुढे गेली होती. त्या रेघेवर पालही चालू शकली नसती. सबनीस सायकलसकट कड्याला पाठ लावून उभे होते. होडीत चढले. परकारांच्या पायाकडे बघून म्हणाले, "मुरगळलाय. होईल ठीक."

तिथून धरणाचा धक्का सरळ समोर, तळ्याच्या पलीकडे दिसत होता. भीमबहादूरने होडी तिकडे वळवली.

"हबीबी," सबनीस म्हणाले, "थोडा किनारे से ले लो. उस टेकडी के पास मुझे उतार दो."

"सर, पेशंट है."

"बस दो मिनट. बिलकुल किनारे से."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी मनगट पुढे धरलेलं दिसलं. घड्याळ चालू होतं. होडी किनाऱ्याला धरून गेली तर नकाशावरची रेघ त्या पांढऱ्या रेघेवरच उमटणार होती. पाण्यावरून काय, दगडावरून काय, वरून बघणाऱ्याला तो फरक दिसत नाही.

भीमबहादूर साहेबलोकांचं ऐकायला शिकलेला होता. त्याने होडी किनाऱ्याकडे घेतली. परकारांनी हातमोजा दातांत धरला होता. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसलो होतो आणि किनारा सरकताना बघत होतो. टेकाडापाशी सबनीस उतरले, सायकलीवर बसले आणि खऱ्या वाटेने भिंतीकडे निघून गेले. उतरताना माझ्या पाठीवर थाप मारायला विसरले नाहीत.

आम्ही परकारांना उतरवून धक्क्यावरून वर आणेपर्यंत ते धरणाजवळच्या सिमेंटच्या बाकावर येऊन बसले होते. ज्या बाकावरून निघालो होतो त्याच.

संध्याकाळपर्यंत रेघ अ‍ॅपवर आली. 'हट्टा फुल लूप. पूर्ण.' सोबत आमची तिघांची नावं. गटात अंगठ्यांची रांग लागली. त्या रांगेत एक अंगठा मुनाफ परकारांचा होता, हॉस्पिटलमधून.

मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. पायाचं ऑपरेशन झालं होतं. मी विचारलं, "अंगठा कशाला दिलात?"

"नायतर काय करू? बोललो तर म्हणतील, स्वतः पडला म्हणून जळतोय." त्यांनी पायाखालची उशी सारखी केली. "सावंतभाई, दुखत तर होतंच. पण तो माणूस घड्याळाकडे बघत होता ना, तेव्हा मला मळमळलं. उलटी होईल म्हणून हातमोजा तोंडात धरला मी."

मी म्हणालो, मी सगळ्यांना खरं सांगतो. ते म्हणाले, "सांगा की." एवढंच. त्या स्वरात मला माझ्याबद्दलचं त्यांचं मत नीट ऐकू आलं. मी चार जणांना सांगितलंही. त्यातले दोघे म्हणाले, आम्हाला अंदाज होताच. एक म्हणाला, सर जरा तसेच आहेत, पण रूट काय भारी काढतात. चौथ्याने विषय बदलला. अंगठा कुणी काढून घेतला नाही. मी गट सोडला, परकार आता थोडे लंगडतात, आणि त्या मंडळींशी मी अजूनही लग्नकार्यांत भेटलो की हसून बोलतो.

सबनीसांना मी नंतर एकदाच धड पाहिलं. पुढच्या हिवाळ्यात बायको-मुलाला घेऊन हट्टाला गेलो होतो, कयाक वल्हवायला. पार्किंगमध्येच समोर आले. बरोबर पाच-सहा नवे सायकलवाले, पुण्या-मुंबईहून नुकतेच आलेले, कोऱ्या कपड्यांतले.

"अरे, सावंत!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. हात ओला होता. "हे बघा, ज्यांनी माझ्याबरोबर फुल लूप केला ते हे."

त्यातल्या एका मुलीने विचारलं, "कसा आहे सर रस्ता? टेक्निकल आहे का?"

"रस्ता नाही," मी म्हणालो. "ती पाण्याची रेघ आहे. आमच्यातल्या एकाचा पाय मोडला आणि आम्ही होडीतून आलो. हेसुद्धा."

सगळे सबनीसांकडे बघायला लागले. सबनीस मोठ्याने हसले. "त्या दिवशी ह्यांना ऊन लागलं होतं. खलास झाले होते अगदी. चला, यल्ला." माझ्या पाठीवर थाप पडली. मी चटकन मागे हात नेला. माझ्या शर्टाला मागे खिसाच नव्हता.

आम्ही कयाक घेऊन तळ्यात शिरलो. पाणी त्या वर्षी बरंच खाली होतं, पांढरी रेघ चांगली रुंद झाली होती. मुलगा पुढे, मी मागे. बायको धक्क्यावरच थांबली होती. घळीजवळून जाताना वर पाहिलं तर नवे लोक वाट संपते तिथे खाली बसले होते. ती मुलगी उभी राहून नकारार्थी मान हलवत होती. सबनीस एकटे पुढे निघाले होते. सायकल खांद्यावर, उतारावर तिरके, एकेक दगड चाचपत. वयाच्या मानाने फार चांगले चालत होते.

आम्ही वल्हवत पुढे गेलो तर ते त्याच कड्यापाशी पोचलेले. पाठ टेकून उभे. मला पाहून त्यांनी हात हलवला.

"सावंत, इकडे घ्या जरा. सायकल इथे ठेवतो, नंतर आणू. मला टेकाडापर्यंत सोडा. किनाऱ्याकिनाऱ्याने."

सायकलची फेरी, आणि सायकल इथे ठेवून. पण माणूस कड्यावर अडकलाय, त्याला सोडून जाणं बरोबर नव्हतं. ते सबनीसांचं काम होतं. मी कयाक दगडाला लावली.

"बसा. पण घड्याळ बंद करून बसा. मी सरळ धक्क्याला नेईन."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. विचार करताना गालातली बी इकडून तिकडे गेली.

"मग राहू दे. मी आलो तसा परत जाईन." आणि मग त्यांनी मनगटावरून घड्याळ सोडवलं. पट्ट्यावर घामाचं पांढरं मीठ धरलं होतं. वाकून, हात लांब करून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "हे तेवढं घेऊन जा. टेकाडापर्यंत. मग भिंतीपाशी मला द्या."

मुलाने मागे वळून विचारलं, "पापा, व्हॉट डझ ही वॉन्ट?"

मी हात पुढे केला नाही. "त्या पोरांना सोबत घेऊन मागे जा, सबनीस. वाट धड नाही," एवढं म्हणालो आणि वल्ह्याने दगड ढकलला.

काही अंतरावर जाऊन मी वळून पाहिलं. ते घड्याळ परत बांधत होते. बांधून झाल्यावर त्यांनी तोंडातली बी तळहातावर काढली. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. तिथे कुणाची पाठ नव्हती. खाली पाणी होतं, पण नियम म्हणजे नियम. थोडा वेळ ती बी तशीच हातावर धरून उभे राहिले, आणि मग त्यांनी ती स्वतःच्या खिशात टाकली.